चाप

मुहर्रकला, जुन्या धक्क्यामागच्या गल्लीत
म्हाताऱ्यांचं घर.
पहाटे साडेचारला, अजान व्हायच्या आत,
मी ट्रॉली भरते:
एकवीस नळ्या, एकवीस काड्या, एकवीस चिकट चिठ्ठ्या,
नावं उजवीकडून डावीकडे, नंबर डावीकडून उजवीकडे.
आधी गाऊन, मग मास्क, मग चष्मा. हातमोजे शेवटी.
काढताना हातमोजे आधी,
आणि आरशात बघून मोठ्याने म्हणायचं, काय काढते आहे ते.
दलिसाय बाईंची सक्त ताकीद.
स्वयंपाकी आजारी निघाला तेव्हापासून
दर तिसऱ्या दिवशी हेच.

खोली बारा. बू खलफ.
वय कागदावर एक्याण्णव,
त्यांना विचाराल तर चौदा.
काडी दिसली की मान मागे टाकतात
आणि दोन बोटांनी नाक गच्च धरतात.
"बोटं काढा, बाबा."
"मग पाणी शिरेल ना."
चौदाव्या वर्षी असेच जायचे खाली,
पायाला दगड, गळ्यात टोपली,
नाकाला कासवाच्या पाठीचा चाप.
वर नावेत दोर धरून मामा.
खालून दोनदा ओढलं की खेचून घ्यायचं.

माझंही नाक टोचलेलं नव्हतं.
लग्नात आत्याची चापाची नथ, बसऱ्याचे मोती म्हणे.
सप्तपदी संपेपर्यंत तोंडाने श्वास घेत होते;
फोटोत सगळ्यांना वाटतं, लाजते आहे.
हे मोडक्या अरबीत सांगितलं तर किती हसले.
म्हणाले, "म्हणजे तूही खाली जाऊन आलीस."

काडी आत. मी दहा मोजते.
त्यांना पटत नाही: दहा? फक्त दहा?
बाहेर आली की, "निघाला का मोती?"
"संध्याकाळी उघडतील, बाबा."
रात्रीच्या फेरीत मी सांगते, रिकामा शिंपला.
एवढ्या आनंदात का सांगते, ते त्यांना कळत नाही.
मामा अशा वेळी शिव्या घालायचा.

सातव्या फेरीत निघाला.
माझ्याच नळीत.
ताप नाही, खोकला नाही,
सकाळी चहातली वेलचीसुद्धा कळली होती.

दलिसाय बाई दाराबाहेर, सहा फुटांवर, हातात तक्ता.
कुठल्या खोल्या? किती मिनिटं? मास्क कधी खाली?
तीन. आठ. बारा.
नऊ.
नऊमध्ये उम्म गानिम. त्यांना ऐकू येत नाही, ओठ वाचतात.
तीन आठवडे त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं,
म्हणजे बोलत सगळेच होते, निळ्या कापडामागून.
मंगळवारी मी मास्क खाली ओढला, विचारलं,
जेवलात का?
त्या म्हणाल्या, मासा खारट होता.
रकाना मिनिटांचा होता. मी लिहिलं: एक वाक्य.
बाईंनी ते खोडून एक मिनिट केलं.

चौदा दिवस हॉटेलचा पाचवा मजला.
खिडकीत धावपट्टी, विमान एकही नाही.
रात्री ॲन्सीचा फोन. पोळीला काय होतं, पगार झाला का,
मग म्हणाली, नऊची खाट धुतली.
आमच्यात यापुढे काही विचारत नाहीत.
माझ्याकडून गेला की स्वयंपाकघरातून,
कळायला मार्ग नाही, असं बाई म्हणाल्या.
खरं म्हणून म्हणाल्या की दया म्हणून,
त्यालाही मार्ग नाही.

परत आले त्या पहाटे ट्रॉलीवर अठरा काड्या.
बू खलफनी ओळखलं नाही.
दिसतात ते डोळे, तेही चष्म्याआड.
मान मागे टाकली. नाक धरलं नाही.
मी दहा मोजले,
मग अकरा, बारा, तेरा,
काडी केव्हाच नळीत गेली होती.
मोत्याचं त्यांनी विचारलं नाही.
हात पुढे केला,
माझ्या गाऊनची कमरेची नाडी चाचपली
आणि दोनदा ओढली.