चेहऱ्याला आठ ठोके

तांबट लेनमधल्या त्या खोलीत घड्याळ नव्हतं.
शेजारी नरहर तांबट हंडा ठोकायचा,
त्यावरच भिकनमामा उजेड मोजायचा:
चेहऱ्याला आठ ठोके, पांढऱ्या धोतराला अकरा.
नरहरने मध्येच विडी पेटवली
की एखादा नवरदेव काळाठिक्कर निघे.

लाल दिवा. हायपोचा आंबूस वास.
उजेडाखाली पंजा धरून
मामा सावली हलवत राही.
हात थांबला तर कड उमटते, म्हणे.
मग कागद बशीत,
आणि पाण्याखालून आधी भुवया येत,
मग मिशी,
मग माणूस.

मी आता दहाव्याचे फोटो करतो.
लोक रामकुंडावरून येतात, भादरलेल्या डोक्यांनी,
मोबाइलवर बोट सरकवत गेलेल्याला शोधतात.
हळदीच्या घोळक्यातून मी त्याला कापून घेतो,
मागे निळं आभाळ, अंगात तयार कोट.
सात मिनिटं. चुकलं तर मागे, अजून मागे.
मला आवडतं हे, खोटं कशाला बोलू.
मामाची नखं औषधाने तपकिरी पडली होती,
जेवताना तो हात लपवायचा.

मामा गेला, तर त्याचा एकही फोटो निघेना.
सापडला तो आईच्या लग्नातला, त्याने धुतलेला.
स्कॅन करून मोठा केला:
आईच्या गालाशेजारी एक फिकट डाग,
डागाच्या कडेला चार बोटं.

बहिणीच्या चेहऱ्यावर हात थांबला होता त्याचा.

मी तो डाग ब्रशने पुसला.
मागे घेतला.

दहाव्याला पाट रिकामाच मांडला.