शीतल जल

तपासणीचे साहेब येणार म्हणून
रामसेवकने एका माठाला निळा ऑइलपेंट दिला,
वर पांढऱ्या अक्षरांत: शीतल जल.
दुसऱ्या माठापर्यंत डबा पुरला नाही.

साहेब आले, चहा घेतला, गेले.
एप्रिल मात्र राहिला,
लश्करच्या दगडी भिंतींत मुरत,
आणि आठवी ब रांगेत उभी
सगळी त्या उघड्या, लाल माठापाशी.
निळ्याकडे कोणी फिरकेना.

का? मी विचारलं
आणि जीभ चावली.
उत्तर माझ्या तोंडात तयार होतं,
तेवीस वर्षं तिथंच ठेवलेलं,
व्याख्या लिहा, दोन गुण.
फळ्यावर लिहिलं:
बाष्पीभवन हा शब्द शनिवारपर्यंत बंद.

भूपेंद्र म्हणाला, रंगातच गरमी असते.
अन्वी म्हणाली, निळा दाराशी आहे, झळा लागतात.
दानिश म्हणाला, निळा साहेबांचा आहे ना, म्हणून.
हसलो सगळे. तेही लिहून घेतलं.

माठांच्या जागा बदलल्या.
निळा सावलीत गेला आणि कोमटच राहिला.
अन्वी उठली, तिची ओळ तिनंच पुसली,
हात झटकले,
खडूची धूळ उन्हात बराच वेळ तरंगत होती.

दाल बाजारातून कुणाच्या मामाचा तोलकाटा आला.
दोन्ही माठ भरले, झाकणं कणकेनं लिंपली.
सकाळी निळा होता तेवढाच.
लाल पाऊण किलोनं हलका.
चोरी! दानिश ओरडला.
रामसेवक रागावला: रात्रभर इथं मी होतो,
कणीक बघा, बोटसुद्धा उमटलेलं नाही.

मग गेलं कुठून?

विमलेश प्रजापती,
जी हजेरीलाही नुसती मान हलवते,
म्हणाली, माठ अंगातून सोडतो.
पापा मातीत राख चाळून घालतात,
नाहीतर माठ आंधळा होतो.
याला रंगानं आंधळा केलाय.

वर्गात पंखा तेवढा कुरकुरत होता.
हिला मी दोन वर्षं
पालथा घडा म्हणत आले,
स्टाफरूममध्ये, चहासोबत.

शनिवारी बंद शब्द उघडला.
कुणाला त्याची फारशी घाई नव्हती.
त्यांना रामसेवकच्या बायकोचं इन्सुलिन हवं होतं थंड,
दुपारी वीज जाते तेव्हा.

पहिला नमुना प्लास्टिकच्या बादलीत,
आत मडकं, मधे ओली वाळू.
बादलीच का? तर, गळत नाही.
विमलेश बघत राहिली, बोलली नाही.
तापमापी चौतीसवर अडून बसली.
भूपेंद्रनं बादलीला लाथ मारली,
मग वाळू गोळा करत बसला एकटाच,
आणि तिथूनच म्हणाला,
गळायलाच पाहिजे ना पण?

दुसऱ्यात बाहेरही माती.
सव्वीस.
औषधाच्या डबीवर बारीक अक्षरांत पंचवीस.
त्या एका अंशासाठी
सुट्टीची घंटा कुणी ऐकली नाही.
खिडकीत ठेवून पाहिलं, वाऱ्याच्या तोंडाशी,
वाळू जाड घेतली, मग बारीक.

दानिश दप्तर भरता भरता थांबला.
पण मॅडम, ऑगस्टमध्ये?
हवाच ओली असेल तेव्हा ही जाणार कुठं?

मी खडू उचलला, ठेवला, त्याला दिला.
लिही. तुझ्याच अक्षरात.

बाहेर रामसेवक काचपेपर घेऊन
निळा खरवडत बसलाय.
शी गेलंय.
अजून तल जल उरलंय.