मेंढीच्या गळ्यातला माइक

पुएर्तो मोंतहून पहाटेची बस, मग मोठी फेरी,
मग किंचाओ बेटाची लहान फेरी.
मांडीवर डबा, त्यात कापसात गुंडाळलेला रिसीव्हर,
करंगळीच्या नखाएवढा.
हरवला तर पुढच्या वर्षापर्यंत दुसरा नाही,
म्हणून चहासुद्धा घेतला नाही.

शाळा लाकडी. बाहेरून माशाच्या खवल्यांसारख्या फळ्या,
आत चोवीस मुलं, एक शेगडी,
आणि बाकांचे सतत कुरकुरणारे पाय.
आलिरो तिसऱ्या बाकावर. वय सात.
कानामागे यंत्र, केसांत चुंबकाने धरलेली चकती,
आणि आत, हाडाच्या शंखात, बावीस ठिपके.
तेवढ्यांवरून जग त्याच्यात उतरतं.
जरा पत्र्याचं, म्हणतात. त्याला दुसरं माहीत नाही.

रिसीव्हर यंत्राच्या तळाला बसवला. टिक.
माइक बार्रीआ बाईंच्या गळ्यात.
चॅनेल जुळेना. नुसती खरखर.
बंद, चालू, शेजारी धरून पुन्हा.
मग हिरवा दिवा.

बाईंना म्हटलं, पार घंटेपर्यंत जा,
आणि पाठमोऱ्याच बोला, ओठ दिसायला नकोत.
बाई तिकडे काहीतरी पुटपुटल्या,
आणि इथे, माझ्यासमोर, आलिरो म्हणाला,
"बटाटा. होडी. मंगळवार.
बाईंना सर्दी झालीये."

वहीत लिहिलं: उत्तम.

दोन महिन्यांनी निरोप आला:
दर सोमवारी माइक घुसमटल्यासारखा बोलतो.
पुन्हा बस, फेरी, फेरी.
शिक्षकांच्या खोलीत, टेबलावर रुमाल पसरून
मी माइकची फोमची टोपी काढली.
चिमट्याने ओढलं तर निघालं
एक गवताचं कुसळ,
आणि लोकर. तेलकट, अजून वास असलेली.

बाईंनी आलिरोकडे पाहिलं.
आलिरोने खिडकीकडे.

शुक्रवारी संध्याकाळी माइक बाईंच्या खणात झोपतो.
खणाला कुलूप नाही.
घरी अकरा मेंढ्या, त्यांतली एक शांत,
तिच्या गळ्यात आईचा कमरपट्टा, पट्ट्याला माइक.
हा कुंपणाच्या अलीकडे, तीस पावलांवर,
डोळे मिटून.

काय ऐकलंस?

"गवत तुटतं ते." शब्द शोधत राहिला.
"कागद फाटतो तसं. पण ओला कागद.
मग ती गिळते.
मग बराच वेळ काही नाही.
मग पोटात कुणीतरी जिना उतरतं."

आणि?

"कोकरू जवळ आलं की तिच्या गळ्यात आवाज होतो,
तोंड न उघडता. फक्त त्याच्यासाठी.
तुम्हाला नाही येणार ऐकू."

तुम्हाला, म्हणजे मला, बाईंना,
ज्यांचे कान विचारल्याशिवाय चालतात
आणि म्हणून कुठेच जात नाहीत.

मी नियमांचा कागद काढला. काढावाच लागतो.
उपकरण फक्त वर्गात वापरावे.
उपकरण ओलाव्यापासून दूर ठेवावे.
माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असावा.

"वीतभरच होता," आलिरो म्हणाला,
आणि आपली वीत ताणून दाखवली.

बार्रीआ बाई उठून शेगडीत लाकूड घालायला गेल्या.
लाकूड आधीच भरपूर होतं.

परतीच्या फेरीत फॉर्म भरला.
बिघाडाचं कारण, या रकान्यापाशी पेन थांबलं.
किनारा मागे सरकत होता,
उतारावर पांढरे ठिपके, मोजले नाहीत,
त्यांचं तोंड खाली, काम चालू.
इथवर काहीच येत नव्हतं. फक्त इंजिन.

लिहिलं: ओलावा.

डब्यातली जास्तीची टोपी एक कमी भरली.
ती आलिरोच्या दप्तरात, पेन्सिलींच्या खाली.
हिशेबात दाखवली नाही.