संदर्भ : आपले पत्र

सहा वर्षं मी तोडणकर सरांची पत्रं टाइप केली
आमदार निवासात, तिसऱ्या मजल्यावर,
पंखा लावला की कागद उडायचा
म्हणून विषयाच्या ओळीवर मी स्टेपलर ठेवायची.

प्रति, मा. राज्यपाल, राजभवन, मलबार हिल.
विषय : घोडपदेव येथील रात्रशाळेस
रात्री नऊनंतर वीज मिळणेबाबत.
महोदय,

सर उभ्याने सांगायचे, खिडकीकडे तोंड करून,
खाली सभा भरल्यासारखं.
"हा केवळ दिव्यांचा प्रश्न नसून..."
मी लिहायची, नसून.
नसूनच्या पुढे सतरा पत्रांत
सतरा निराळ्या गोष्टी निघाल्या,
कधी घटना, कधी बहुजन, कधी जवळ आलेली निवडणूक.
प्रती तीन. एक फाइलला, दोन वर्तमानपत्रांना.
वर्तमानपत्रांच्या आधी पाठवायच्या.

शाळेत मी एकदाच गेले, आकडे घ्यायला.
पटावर एक्केचाळीस.
बेकरीतला पोरगा, पापण्यांवर मैदा तसाच,
गोदीतला वॉचमन, ड्युटीचा डबा बाकावर,
आणि जुबेदा आपा, वय अठ्ठेचाळीस, इयत्ता दहावी,
तिने विचारलं, ते साहेब पत्र स्वतः वाचतात का?
नऊ वाजता शिपायाने मेन स्विच खाली ओढला.
बाईंनी समीकरण अर्ध्यावर सोडलं नाही.
अंधारात खडू चालत राहिला. मी ऐकला.
हे मी पत्रात घातलं होतं.
सरांनी खोडलं. म्हणाले, कविता नको, मागणी लिहा.

उत्तरं यायची. नाही असं नाही.
जाड कागद, वर सिंह, खाली दोन ओळी :
आपले पत्र प्राप्त झाले.
ते उचित कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे अग्रेषित करण्यात आले आहे.
सही होती, ती पेनाची नव्हती.
आणि डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढी,
टाइप करणाऱ्याची अक्षरं. नि.ब.

निरंजन? निर्मला? बने, बर्वे, बागवान?
पूर्णविरामाआधी नि.ब. एक जागा सोडायचे,
माझी खोड तीच.
माझ्याही कागदावर डावीकडे असायचं शां.घ.
चहा गार होत असलेल्या एखाद्या दुपारी वाटायचं,
त्या टेकडीचा आणि या खोलीचा पत्रव्यवहार
खरं तर आम्हा दोघांतच चाललाय,
वरची नावं नुसती पाकिटासाठी.

मधे एक परिपत्रक आलं : यापुढे महामहिम लिहू नये.
तेवढं एक बदललं.

एकदा चुकून शेवटी मी "लोभ असावा" टाइप केलं,
मामाला लिहिते तसं.
सर हसले नाहीत. कागद फाडला.

मग मुदत संपली. तिकीट दुसऱ्याला.
शालींचं गाठोडं, ट्रॉफ्या, हारांतून निघालेली जर
टेम्पोत चढली.
फाइल खोलीतच राहिली,
ती नेमकी कुणाची, कुणाला सांगता येईना.

अठराव्या दिवशी रिकाम्या खोलीवर पाकीट.
जाड कागद. सिंह. त्याच दोन ओळी.
खाली तिसरी :
वीज नेमकी किती वाजेपर्यंत हवी, ते कृपया कळवावे .
पूर्णविरामाआधी एक जागा.

सतरा पत्रं मी परत काढली, जमिनीवर बसून वाचली.
घटना होती, बहुजन होते, नसून होतं.
वेळ कुठेच लिहिली नव्हती.

आता लेटरहेड नाही. सही करणारं कुणी नाही.
जावक क्रमांकाच्या रकान्यात मी रेघ मारली.
प्रति, इतकं लिहून थांबले.
मग कुणाचंच पद न घालता लिहिलं,
पावणेअकरापर्यंत .
शेवटचा तास गणिताचा असतो .