एकसष्ट आणि सतरा

येर्काने फरशीवर दोन वजनकाटे मांडले,
न्हाणीघरात असतात तसले, साधे,
एकेका पायाखाली एकेक.
"उभं राहायचं, एलिसेओ. खाली बघायचं नाही."
मी बघितलंच.
उजव्याखाली एकसष्ट किलो, डाव्याखाली सतरा.
पाच पोरं वाढवली, कधी डावं-उजवं केलं नाही,
आणि आता हा हिशेब.

मी मेंढ्या कातरायचो. बेचाळीस हंगाम.
ते काम कात्रीचं नसतंच, गुडघ्यांचं असतं.
मेंढीला ढुंगणावर बसवायचं,
पाठ आपल्या मांड्यांना टेकवून, चारही खूर अधांतरी.
खूर जमिनीवरून सुटले की ती झगडत नाही.
डोळे उघडे ठेवून गप्प राहते,
जणू हे अंग दुसऱ्याच कुणाचं.
दिवसाला दीडशे.
मला वाटायचं, माझे हात ओळखतात.

ऑगस्टमधल्या एका सकाळी,
एक मोजा पायात, एक हातात,
पलंगाच्या कडेवर मला कुणीतरी तसंच बसवलं.

"नाक अंगठ्यांच्या पुढे," येर्का म्हणते, "मग उठा."
उठतो. बसतो. उठतो.
इतकी वर्षं उठलो, पण कुणी सांगितलं नव्हतं
की उठण्याआधी माणसाला थोडंसं पडावं लागतं, पुढे,
आणि पडता पडता विचार बदलावा लागतो.

शेजारच्या दांड्यांमध्ये क्लोरिंदा मान्सिया,
तीस वर्षं पावाच्या भट्टीवर.
तिचे पाय शाबूत, शब्द गेले.
एकच उरला: मंगळवार.
त्यावरच ती माझी उठबस मोजते,
मंगळवार, मंगळवार, मंगळवार,
दहाव्याला आवाज चढवते, म्हणून कळतं.
एकदा मी दमून दांडीवर डोकं टेकलं,
येर्काला नको ते बोललो.
क्लोरिंदा म्हणाली, "मंगळवार."
इतक्या जरबेने, की मी उठलो.

डावा पाय आता प्लास्टिकच्या साच्यात असतो.
जमिनीवर पिवळी पट्टी, ती ओलांडायची.
उचल, मी म्हणतो.
तो उचलतो, म्हाताऱ्या धनगरी कुत्र्यासारखा,
उशिरा, आणि भलतीकडे बघत.
रात्री पांघरुणातून अंगठा बाहेर काढून बघत बसतो.
कधी हलतो, न सांगता.
सांगितलं की नाही.

ऑक्टोबरात वारा आला.
पुंता अरेनासच्या चौकांत पालिकेने दोर बांधले,
लोकांनी धरून चालावं म्हणून, दरवर्षीसारखे.
येर्का मला कोपऱ्यापर्यंत घेऊन गेली.
बँकेतला माणूस, दोन खलाशी, शाळेची पोरं,
सगळे पाय फाकवून,
एकेक पाऊल जमिनीला विचारून टाकत होते.
माझ्याकडे कुणी वळून बघितलं नाही.
येर्कानेही दोर धरला होता, दोन्ही हातांनी.

मग वारा मध्येच थांबला.
तेच वाईट असतं. वाऱ्यावर रेललेला माणूस
वारा गेल्यावर पडतो.
पोरं खिदळत पुढे कलंडली. मीही कलंडलो,
आणि सावरायला जो पाय पुढे गेला
तो डावा.
मी त्याला काही म्हटलं नव्हतं.
येर्का बोलली नाही. मीही नाही.
सामुद्रधुनीकडून पुन्हा झोत आला आणि टोपी गेली.

आज काट्यांवर चोपन्न आणि चोवीस.
मुलगी फोनवर विचारते, पुढच्या हंगामाला येणार ना, बघायला तरी?
एका पायावर तयार आहे, मी म्हणतो,
आणि आम्ही दोघंही जरा जास्तच हसतो.

कातरून झालं, हात काढून घेतले,
तरी मेंढी क्षणभर तशीच बसून राहायची,
उघडी, पांढरी, वाफाळणारी.
खूर परत मिळालेत हे तिला कळायचंच नाही.
गुडघ्याने हलकेच ढकलावं लागायचं.

क्लोरिंदा, मोज.