तिबूर्स सूट, तिसरा मजला

या खोलीला बेल नाही. बटण दाबलं की आत दिवा लागतो,
मग माणूस दार उघडतो किंवा नाही उघडत.
मूकपटातल्या विनोदवीराची खोली म्हटल्यावर
एवढं हवंच, असं आमचे मॅनेजर येरून साहेब म्हणतात,
ज्यांनी ओस्टेंडच्या रविवारच्या बाजारातून
चार युरोला बुटांचा जोड आणला
आणि काचेत ठेवला. एक बूट बेचाळीस नंबरचा,
दुसरा चव्वेचाळीस. मी पुसते म्हणून मला माहीत.

पाहुणे त्या काचेसमोर हळू बोलतात.

बाकी सगळं काळं-पांढरं. टॉवेल, साबण, चहाचे कप.
खिडकी तेवढी ऐकत नाही, तिच्यात समुद्र आहे.
पण समुद्र इथला, म्हणजे राखाडी, म्हणजे चालून जातो.
टबाच्या वर, भिंतीवर, चार मिनिटांचा सिनेमा
दिवसरात्र फिरत असतो. चंद्र, हवालदार, मिठाईची हातगाडी.
शेवटी तिबूर्स एकोणीस पायऱ्या गडगडत खाली येतो
(मी मोजल्यात; टब घासताना माणूस काय करणार),
उठतो, टोपी झटकतो, सरळ आपल्याकडे बघतो,
ओठ हलवतो.
मग पाटी: ‘हवा काय छान पडलीय आज!’
आणि टबातला पाहुणा हसतो. मीही हसले आहे.

मार्चमध्ये नामूरहून एक बाई आल्या, ओर्तांस लमेर.
वय ऐंशीच्या घरात, जन्मापासून ऐकू येत नाही.
दिव्याचं बटण त्यांनी दोनदा दाबून पाहिलं
आणि वहीत लिहिलं, ‘आमच्या घरी असंच आहे, विव्हिना.
त्याचे तीनशे युरो कुणी घेत नाही.’

मी टॉवेल घेऊन गेले तर बाई कपड्यांनिशी
कोरड्या टबात बसलेल्या, चपला बाहेर नीट जोडून,
आणि हसून हसून डोळ्यांत पाणी.
पडण्यावर नाही. जिथे कुणीच हसत नाही तिथे.
तो नायिकेचा हात धरून चंद्राकडे बोट दाखवतो ना,
तेव्हा म्हणतो, ‘आज परत हेरिंग खाल्लंस?’
हवालदार शिट्टी फुंकण्याआधी म्हणतो, ‘माझे मागचे पैसे?’
मिठाईवाला जे म्हणतो ते बाईंनी लिहिलं नाही,
जागा सोडून खाली नुसती रेघ मारली.

म्हणजे ही माणसं सगळा वेळ बोलत होती
आणि मी रोज त्यांच्या तोंडावरून फडकं फिरवत होते.

मग जिना आला. बाई पुढे झुकल्या.
एकोणीस पायऱ्या. उठला. टोपी. आपल्याकडे बघणं.
त्यांनी पेन्सिल उचलली नाही.
चार मिनिटं थांबल्या, फिरून जिना आला,
आणखी चार मिनिटं. माझ्या दोन खोल्या राहिल्या होत्या.
मग लिहिलं, अक्षर जरा तिरकं:
‘हवेचं काही बोलत नाहीये तो.
रडू नकोस. बघ, उठला की नाही बाबा?’
आणि त्याखाली:
‘नजर कॅमेऱ्यात नाही. कॅमेऱ्याच्या शेजारी, बरीच खाली.’

येरून साहेबांना मी सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर ते कपांवर छापून आलं असतं,
बारा युरोला एक.
वहीचं पान बाई घेऊन गेल्या.
बूट आहेत तसेच आहेत, बेचाळीस आणि चव्वेचाळीस.

टब मात्र अजून मीच घासते, गुडघ्यांवर बसून,
आणि एकोणीस मोजून झाले की मान वर करते.
तेवढ्या उंचीवर असतात तेव्हा माझे डोळे.
हो, उठलास, म्हणते मी, आमच्या फ्लेमिशमध्ये,
आवाज न काढता.
त्याला ओठ वाचता येत असतील तर येतील.