आठशे पन्नास, नऊशे

मिंडेलोच्या बंदरात निळं पिंप उतरलं.
ब्रॉकटनहून निघून सात आठवडे झाले होते त्याला.
आत तांदूळ, साबण, धुतलेले स्वेटर
आणि एका लोकरी मोज्यात खुपसलेला
आर्लिंदोचा वापरलेला फोन.

झुल्मिरा मोज्यासकट माझ्या टपरीवर आली.
"सिम घाल. महिन्याचा डेटा टाक,
मोठ्यातला मोठा.
सहा वर्षं नुसतं ऐकतेय त्याला,
आता बघायचंय."

मी सिम घातलं.
फोन शोधत राहिला.
कोपऱ्यातली एकही रेघ उभी राहीना.
सिम काढून पुसलं, त्यावर फुंकर मारली
(आमच्या धंद्यात प्रार्थना म्हणतात ती एवढीच),
पुन्हा घातलं.

मग मागचा बारीक नंबर भिंगातून वाचला.
न्हा झुल्मिरा, हा ऐकतो आठशे पन्नासवर,
आणि आपलं बेट बोलतं नऊशेवर.
"म्हणजे बहिरा?"
बहिरा नाही. कान तिकडचे आहेत.
शिवाय कुलूप आहे, कंपनीचं,
किल्लीही तिकडेच.

चौकात फुकटचं वायफाय आहे, मी म्हटलं,
तिथे बाकावर बसून दिसेल की तो.
"चौकात?
त्या आईस्क्रीमवाल्याच्या देखत रडू होय?"

मग ठेवून जा, म्हटलं. काच चांगली आहे.
बदल्यात जुना पण नऊशेवाला देतो,
वर दोन जीबी.
खोटं कशाला बोलू,
ती काच कुणाच्या गळ्यात मारायची
ते मनात ठरूनही गेलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला.
रेघ नाही, पॅक नाही, तरी वाजला.
गजर. चार वाजून दहा.
माझ्या भिंतीवर आठ वाजून दहा.
समुद्र ओलांडलास
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"पाचची शिफ्ट असते त्याची," झुल्मिरा म्हणाली,
"थंड कोठारात, खोकी उचलायची."
आणि गजर बंद केला नाही.
वाजून वाजून तोच दमला.
मग फोनकडे बघत, हळूच,
"आता पाय खाली टेकले असतील."

घड्याळ इथलं लावून देतो, मी म्हटलं,
त्याचे पैसे नकोत.
तिने फोन मोज्यात सारला.
"हात लावशील तर बघ."

स्वतःच्या बटणवाल्या फोनमध्ये
पन्नास एस्कुदोची मिनिटं टाकून घेतली, नेहमीसारखी.
तिकडच्या चार्जरची पिन इथल्या भिंतीत बसत नाही,
म्हणून एक अडॅप्टर दिला.
तेवढंच काय ते जुळवता आलं मला.
किंमत पूर्ण घेतली.

मार्चमध्ये एका सोमवारी
शटर अर्धं वर असतानाच आली, धापा टाकत.
"काल सातला वाजला! सात दहाला! आजसुद्धा!
तास आधी का उठवतायत पोराला?
काढलं का कामावरून? दुसरं काम धरलं का?"

मी सांगितलं, तिकडे वसंतात
सगळा देश घड्याळ तासभर पुढे ढकलतो.
फोनला ते पोटातूनच माहीत असतं,
त्यासाठी नेटवर्क लागत नाही.

तिने बोटांवर हिशेब केला.
एकदा. पुन्हा एकदा.
"चार तास लांब होता.
आता तीनच?"
तीनच.

मी डेटा विकतो.
दिवसाचा, आठवड्याचा, महिन्याचा,
वापरा नाहीतर बाराच्या ठोक्याला मरतो.
पण फुकट मिळालेला अख्खा तास
असा पदरात धरून नेताना
गिऱ्हाईक कधी पाहिलं नव्हतं.

नोव्हेंबरात तो परत द्यावा लागतो
हे सांगायला मी हाकही मारली असती.
पण एक खलाशी खिडकीशी उभा होता,
त्याला आज रात्रीपुरताच पॅक हवा होता,
आणि त्याच्याकडे सुटे नव्हते.